कासवाची चप्पल

१

मामा भिंतीला टेकून उभा होता. उभ्याउभ्याच मेला होता. व्हॅनचं नाक छातीत रुतलं होतं म्हणून तो पडला नव्हता, एवढंच.

आमची लाँड्री इस्पितळांचे कपडे धुते. चादरी, पायजमे, ऑपरेशनचे हिरवे डगले. रस्त्याला फाटक, फाटकातून आत उतार, उताराच्या तळाशी भिंत आणि तिला लागून गठ्ठे उतरवायचा ओटा. मामा वॉचमन होता. तो फाटक उघडायचा, व्हॅनच्या पुढे उतार उतरायचा, भिंतीशी उभा राहून हातानं "ये, ये, ये" करायचा आणि गाडी थांबली की चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा. भिंत आणि गाडी यांच्या मधे उभं राहू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. मामालाही कळत होतं. पण गाडी कासव चालवत होता.

कासव म्हणजे आमचा ड्रायव्हर. इतका हळू चालवायचा की बायका म्हणायच्या, "याच्या गाडीत बसण्यापेक्षा चालत गेलं तर वाटेत भाजी निवडून होईल." त्याच्या हातून कधी मांजर मेलं नव्हतं. म्हणून मामा बिनधास्त मधे उभा राहायचा.

मी इस्त्रीच्या टेबलावर होते, खिडकीशी. आधी इंजिनाचा आवाज चढला. मग धाडकन झालं. मग माझा नवरा धावताना दिसला.

माझा नवरा तिथला मिस्त्री. बॉयलर, वाळवणीची यंत्रं, व्हॅन, सगळं त्याच्याच हाताखाली. त्यानं कासवाला बाजूला ढकललं, गाडी मागे घेतली, थांबवली आणि मामा चाकाशी कोसळला तसा हा गाडीखाली घुसून त्याला ओढायला लागला. ओढून बाहेर आणला तेव्हा याच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस होतं आणि मागच्या खिशात पाना. पाना त्याच्या खिशात असतोच. झोपतानाही मी सांगते तेव्हा काढतो.

कासवाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो एकच बोलत होता. "ब्रेक दाबला मी. लागला नाही. आईशप्पथ, दाबला."

पोलिसांनी ब्रेक तपासला. ब्रेक ठणठणीत होता.

मॅनेजर घसा खाकरून पुढे झाला. "साहेब, कालच ब्रेकचं काम या मिस्त्रीनं केलंय. ड्रायव्हर म्हणतो लागला नाही, तुम्ही म्हणता लागतोय. मधल्या वेळात गाडीखाली कोण घुसलं होतं? पाना घेऊन?"

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. त्याच दिवशी त्याला कोठडीत टाकलं.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. टेबलावर चादर जळत होती तिचा वासही मला आला नाही.

२

दुसऱ्या दिवशी फौजदार आला तेव्हा मला वाटलं, सकाळीसकाळी लावून आलाय. शब्द तोंडातच लोळत होते.

"दाढ काढलीय," तो म्हणाला. "इंजेक्शन दिलंय. अर्धं तोंड माझं नाहीये. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. तो गठ्ठ्यावरच बसला. चहा आला, त्यानं घोट घेतला, अर्धा शर्टावर गेला. त्याला पत्ताच नाही.

मॅनेजरनं खुर्चीला टेकून सगळं परत सांगितलं आणि वर नवीन जोडलं. "मिस्त्री आणि वॉचमन यांचं भांडण होतं साहेब. आठवडाभर बोलत नव्हते."

"कशावरून?"

"ते... पत्त्यांवरून."

"म्हणजे पत्त्यांत हरला म्हणून ब्रेक काढला?"

"मी काय बोललो? मी फक्त सांगितलं."

"हां. फक्त सांगणारे फार भेटतात मला."

मग मला बोलावलं. मला माहीत होतं ते मी सांगितलं. माझा नवरा ब्रेकचं काम करून स्वतः त्या उतारावर गाडी खालीवर करून बघतो, परवाही बघितली होती. आणि धडकेच्या आधी इंजिनाचा आवाज चढला होता.

"चढला? नक्की?"

"माझे कान शाबूत आहेत."

"वाळवणीच्या यंत्राचा असेल," मॅनेजर मधेच बोलला. "आणि बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार."

"मग काय तुमच्या बाजूनं बोलू?" मी म्हटलं.

फौजदारानं हात वर केला. शेवटी मामीला बोलावलं.

मामी म्हणजे मामाची बायको. ती मळके गठ्ठे फोडण्याच्या कामावर. इस्पितळातून गठ्ठा आला की आधी तिच्याकडे. चादरी एकीकडे, रक्ताचे कपडे एकीकडे, आणि आत जे काय सापडेल ते पत्र्याच्या डब्यात. कपड्यांतून काय काय निघतं! चष्मे, कंगवे, एकदा कवळी निघाली होती. मामानं ती हातात धरून बोलकी केली होती, "मामी, चहा आण, मामी, चहा आण," आणि बायका हसून हसून लोळल्या होत्या.

मामाला पोचवून आल्यावर मामी रात्र सरायची वाट बघत बसली आणि सकाळी कामावर आली. "घरी भिंती बघून काय करू," म्हणाली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. हात आपले चालू होते. चादर, पायजमा, चादर.

"भांडण होतं का हो?" फौजदारानं विचारलं.

"होतं. पत्त्यांवरून. हा मेला खोटं खेळायचा." 'हा' म्हणजे मामा. "पण मिस्त्रीनं परवाच त्याला खंडीभर शिव्या दिल्या आणि मग दोघं एकच विडी ओढत बसले. पत्त्यांवरून कुणी कुणाला मारतं का?"

मी मामीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला सावरायला ती बोललीच नव्हती, खरं होतं ते बोलली होती.

मग तिनं हातातला पायजमा खाली ठेवला. "साहेब, मला भरपाई नको, फुलं नकोत. माझा माणूस कुणी मारला तेवढं नाव मला सांगा. मिस्त्री असला तर मिस्त्री. कासव असला तर कासव. कोण का असेना. पण सांगा. तोंडावर सांगा."

"सांगतो."

"शब्द द्या."

"दिला."

तो उठला. आणि मला दिसलं की त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ चाललाय.

"साहेब, रक्त येतंय तुमचं."

"कुठं?"

"तोंडातून. ओठ चावलाय तुम्ही."

मी इस्त्रीचा रुमाल दिला. त्यानं टिपलं, रुमालाकडे पाहिलं. खालच्या ओठाचा लचका निघाला होता आणि त्याला काडीचीही जाणीव नव्हती.

"मला वाटलं, मी नुसताच चहा पितोय," तो हळूच म्हणाला. मग काही न सांगता उताराकडे चालायला लागला.

३

उताराच्या तळाशी, भिंतीच्या अलीकडे, सिमेंटवर दोन काळे पट्टे होते. चाक जागच्या जागी फिरून रबर जळतं तसले.

"वहिनी, इकडे या," फौजदारानं मला हाक मारली. "तुमचा नवरा मिस्त्री. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहून तुम्हालाही थोडं कळत असेल. ब्रेक फेल झाला तर गाडी कशी येते?"

"घरंगळत येते."

"इंजिनाचा आवाज?"

"तो कशाला वाढेल? उताराच्या जोरावर येते ती."

"आणि भिंतीला धडकल्यावर?"

"थांबेल. अजून काय करेल?"

"ही थांबली नाही. भिंतीला लागल्यावरही चाकं फिरत होती. म्हणजे कुणीतरी रेस दाबून धरली होती." त्यानं तोंडातल्या बधीर बाजूला जीभ फिरवली. "तुमचे कान शाबूत आहेत."

मी ओट्यावर बसले. "मग सोडा ना माझ्या माणसाला!"

"एवढ्यावर कोर्ट सोडत नाही. ड्रायव्हर शपथेवर म्हणतोय ब्रेक दाबला. तो खोटं बोलतोय असं दाखवावं लागेल."

"कासव खोटं नाही बोलायचा," माझ्या तोंडून निघून गेलं. स्वतःच्या नवऱ्याचा गळा मी स्वतःच आवळत होते, पण खरं ते खरं.

"तेच तर," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटतं."

फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. कासव गाडी फाटकाशी उभी करून तिथं एक कप मारायचा, मग आत यायचा. फौजदार टपरीपर्यंत गेला, बाकाखाली वाकला आणि एक चप्पल घेऊन परत आला. उजव्या पायाची. अंगठ्याकडचं टोक घासून पार झिजलेलं, टाच मात्र नवीकोरी.

"कुणाची?"

"कासवाची," मी म्हटलं. "पट्ट्याला निळा दोरा आहे बघा. मीच शिवून दिला होता."

"टपरीवाला म्हणतो, कालपासून पडलीय. ड्रायव्हर विसरून गेला." त्यानं पाय उचलून पायाखालच्या डांबराकडे पाहिलं. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं, बुटाला चिकटत होतं. "भर दुपारी. या डांबरावरून. एक पाय उघडा टाकून माणूस रस्ता ओलांडतो, गाडीत चढतो, आणि चप्पल विसरतो?"

चप्पल घरी विसरता येते. पायातली कशी विसरेल कुणी?

"चला," तो म्हणाला. "इस्पितळात जायचंय. चप्पल ओळखायला तुम्ही हव्यात."

४

कासवाच्या बरगड्या बांधल्या होत्या. खाटेखाली एकच चप्पल होती, डावी. उजवी अपघातात गेली असेल असं समजून कुणी शोधलीच नव्हती.

मला बघून त्यानं मान फिरवली. "वहिनी, मी मिस्त्रीचं नाव घेतलं नाही. मी फक्त म्हटलं ब्रेक लागला नाही."

"माहितीय. गप पड."

फौजदार खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "डोळे मीट बघू."

"कशाला?"

"मीट रे. तुझं लग्न नाही लावत मी."

त्यानं डोळे मिटले. फौजदारानं पेनाचं टोक डाव्या अंगठ्यावर टेकवलं.

"अंगठा," कासव म्हणाला.

मग उजव्या. नुसतं टेकवलं नाही, दाबलं. कातडीत खळगा पडला.

कासव गप्प.

"सांग की."

"लावा तर आधी, मग सांगतो."

फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. पेन अजून तिथंच होतं.

त्यानं पाऊल उचलून तळवा उजेडात धरला. उजव्या तळव्यावर डांबराचे फोड आले होते, एक फुटून चिघळला होता. डावा स्वच्छ.

डॉक्टरबाईंना बोलावलं. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, रागावलेल्याच आल्या. बरगड्या तपासण्याच्या गडबडीत पायाकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाऊल वर उचलायला सांगितलं. डावं उचललं. उजवं ओल्या फडक्यासारखं लोंबलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अपघाताच्या आधी चारपाच दिवस कासव चालताना गुडघा भलताच उंच उचलायचा आणि पाऊल खाली फटकन आपटायचं. बायका चिडवायच्या, "कासवाचा घोडा झाला गं!" तोही हसायचा. पाऊल लोंबत होतं म्हणून गुडघा उचलत होता बिचारा. चपलेचं टोक म्हणून झिजलं होतं. मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं.

"म्हणजे अपघाताच्या आधीपासून," त्या म्हणाल्या. "पालथा हो."

त्यांनी पायजमा खाली केला. मी तोंड वळवलं. पण त्यांचा आवाज आला आणि तो बदलला होता.

"हे इंजेक्शन कुणी दिलं?"

"कुठलं इंजेक्शन?" कासव म्हणाला.

"ही पिवळी पडलेली निळी खूण. कुणी टोचलं इथं?"

"नाही घेतलं मी काही."

डॉक्टरबाईंनी फौजदाराला बाजूला घेतलं, पण त्या इतक्या संतापल्या होत्या की अख्खा वॉर्ड ऐकत होता. "कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे. सुई द्यायची ती वरच्या, बाहेरच्या भागात. का? तर आतल्या, खालच्या बाजूनं कमरेतून पायात जाणारी नस जाते. बोटाएवढी जाड. पायाचं सगळं हलणं, सगळं कळणं तिच्यावर. याची खूण बरोब्बर तिच्यावर आहे. सुई नशीत गेली, औषध तिथंच ओतलं. टोचल्याबरोबर वीज गेल्यासारखी कळ आली असणार पायात. शिकलेला माणूस त्या क्षणी सुई बाहेर काढतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, 'थोडं दुखेल, सहन कर,' आणि पूर्ण आत दाबतो. लोकांना वाटतं टोचायला काय लागतं! टोचायला काही लागत नाही. कुठं टोचू नये ते शिकायला वर्षं लागतात."

"बरा होईल?"

"थोडाफार होईलही. नाहीही. आता कुणीच सांगू शकत नाही."

फौजदार परत खाटेशी आला. त्याच्या तोंडातलं औषध केव्हाच उतरलं होतं, शब्द नीट येत होते. "ऐक. आज सकाळी मला दाताच्या डॉक्टरनं टोचलं. अर्धं तोंड मेलं. मी स्वतःचा ओठ चावून खाल्ला आणि मला वाटलं, चहा पितोय. माझं दोन तासांत उतरलं. तुझं उतरलं नाही. तू उतारावर पाय ब्रेककडे नेलास. मनातून नेलास. पाय होता तिथंच राहिला, रेसवर. मग तू जीव खाऊन दाबलंस. तू खोटं बोलत नाहीस. तुझा पाय तुझ्याशी खोटं बोलला."

कासवाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त ओठ.

"म्हणजे... मी मारलं मामाला?"



"टोचलं कुणी ते सांग," फौजदार म्हणाला.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. आणि मग काही केल्या बोलेना.

५

टोचू शकेल असं कोण होतं? फौजदार आधी मेडिकलवाल्याकडे गेला. मी बरोबर होतेच, आता मला कुणी परत जा म्हणत नव्हतं.

मेडिकलवाला काउंटरमागे आक्रसला. "कंबरदुखीचं औषध दिलं मी. चिठ्ठी नव्हती, खरंय. पण टोचलं नाही. देवाच्यान. मी त्याला सिरिंज पण देत होतो, तर म्हणाला नको, आमच्याकडे पडलेल्या असतात."

"आमच्याकडे म्हणजे? घरी?"

"मी काय विचारतोय! तो घाईत होता. म्हणाला, मॅनेजरनं सुट्टी नाकारलीय, टोचून घेऊन उद्या गाडीवर चढायचंय."

बाहेर आल्यावर फौजदार म्हणाला, "वहिनी, न वापरलेल्या सिरिंजा फुकट कुठं पडलेल्या असतात?"

मला उत्तर येत होतं. लाँड्रीतल्या प्रत्येकीला येत होतं.

चालताना माझी पावलं मला ऐकू येत नव्हती. एकीकडे माझा नवरा कोठडीत स्वतःच्या हातांकडे बघत बसलेला. आदल्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाला होता, "खरंच माझ्याकडून नट ढिला राहिला असेल का गं?" त्याला स्वतःचीच खात्री उरली नव्हती. आणि दुसरीकडे ती.

फौजदारानं सगळ्या बायकांना गठ्ठ्यांच्या खोलीत गोळा केलं. मॅनेजरही दारात येऊन उभा राहिला.

"इथं कोण इंजेक्शन देतं?"

बायकांनी माना खाली घातल्या. कुणाचं पोर तापलं, कुणाचा गुडघा धरला, कुणाची पाळी अवघड गेली की त्या जिच्याकडे जायच्या, तिच्याकडे एकीनंही पाहिलं नाही. तिच्याकडे न बघण्यानंच ती उघडी पडत होती.

मी म्हटलं, "मामी, डबा दाखवा."

एक बाई माझ्यावर फुत्कारली, "लाज वाटू दे गं! माणूस जाऊन चार दिवससुद्धा नाही झाले तिचा."

"माझाही आत आहे," मी म्हटलं.

मामीनं चादर बाजूला ठेवली. कपाटावरून पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. चष्मे, कंगवा, ती कवळी. खाली पाकीट न फोडलेल्या सिरिंजा. इस्पितळवाले गादीवर टाकतात, चादरीत गुंडाळून येतात.

"मी देते," ती म्हणाली. "त्यात लपवायचं काय? पुण्याचं काम आहे. एक पैसा घेत नाही. हिलाही दिलंय मी. विचारा, काही झालं का?"

दिलं होतं. दोनदा. मला काही झालं नव्हतं. माझं नशीब आणि तिचं कसब यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

"कुठं शिकलात मामी?" फौजदारानं विचारलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, इतक्या हळू विचारलं.

"शिकायला कशाला जायला पाहिजे?" तिनं ढिगातून एक पायजमा ओढला, टेबलावर पालथा पसरला आणि बोट ठेवलं. मागच्या बाजूला, मधल्या शिवणीजवळ, मुगाएवढा रक्ताचा वाळलेला ठिपका. "हा बघा. जन्म गेला माझा हे ठिपके घासण्यात. मोठमोठ्या डॉक्टरांच्या, नर्सांच्या हातचे. बहुतेक इथंच असतात. ते टोचतात तिथंच रक्त येणार ना? मग मीही तिथंच टोचते. कासवालाही तिथंच टोचलं. बोंबलला थोडा. मी म्हटलं, बायकांसारखा ओरडू नको, होतंय."



फौजदार पायजम्याकडे बघत राहिला. "मामी, हा नाडीचा पायजमा. एकाच मापाचा. जाडा घालतो, बारीक घालतो. सुई देताना नर्स तो खाली ओढते. वर घेतला की पेशंट कुशीवर वळतो, कापड पिळतं, सरकतं, आणि मग त्या छिद्रातून रक्त येतं. ठिपका कापडावर कुठं पडला त्यावरून सुई अंगात कुठं गेली ते कळत नाही."

"बरं," मामी म्हणाली. "चुकलं असेल. कासवाचा पाय दुखावला असेल माझ्या हातून. मी त्याची माफी मागेन, सेवा करेन. पण साहेब, तुम्ही मला शब्द दिला होता. माझा माणूस कुणी मारला ते तुम्ही शोधताय ना? मग हे पायजम्याचं काय काढून बसलात?"

कुणीतरी हुंदका दिला. मामी नव्हती ती.

फौजदारानं टोपी काढली. सांगितलं. कासवाचा पाय बधीर होता. तो ब्रेकवर गेलाच नाही. त्यानं रेस दाबली. पुढे मामा होता. तीन-चार वाक्यं झाली, त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

मामी पायजम्यावरचं बोट उचलेना. "कासवानं माझं नाव का नाही घेतलं?"

"इथं यायच्या आधी मी परत जाऊन विचारलं त्याला," फौजदार म्हणाला. "म्हणाला, तिचा माणूस मारला, वर तिचंच नाव घेऊ?"

६

दारात मॅनेजर सटकायच्या बेतात होता. मीच बोलले.

"साहेब, यांनाही विचारा. कंबर धरली म्हणून सुट्टी मागितली की हे काय म्हणतात?"

"काय म्हणतो मी?"

"'मामीकडून एक टोचून घे आणि कामाला लाग.' म्हणता की नाही? या सगळ्यांसमोर सांगा, नाही म्हणून."

आता बायकांच्या माना वर झाल्या. एकेक करत सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या.

"अहो, गरिबांची सोय होत होती," तो म्हणाला. "त्यात माझं काय?"

हा माणूस नुसतं पडसं झालं तरी गारेगार दवाखान्यात जातो, डॉक्टरच्या भिंतीवरची डिग्री वाचल्याशिवाय दंडाची बाही वर करत नाही. आमच्या अंगाला मात्र गादीवरची सुई आणि पायजम्यावरचा ठिपका पुरतो. सोय म्हणे! आमचं शरीर हीच यांची सोय. मी हे सगळं त्याच्या तोंडावर बोलले. माझी नोकरी गेली. जाऊ दे.

संध्याकाळी नवरा घरी आला. जेवला नाही. खिशातला पाना काढून फळीवर ठेवला, परत खिशात घातला. "माझे हात बरोबर होते तर," एवढंच म्हणाला. त्यात आनंद नव्हता.

मामीवर खटला आहे. पाऊल लोंबू नये म्हणून कासवाला पट्ट्यांचा बूट दिलाय, तो चालतो, पण गाडीला हात लावत नाही. मामी दर रविवारी त्याच्याकडे जाते आणि त्याचं पाऊल मांडीवर घेऊन चोळते. तो म्हणतो, "मामी, राहू द्या, मला काही कळत नाही त्यात." ती म्हणते, "मलाही कळत नाही रे." आणि चोळत राहते.

मी आता दुसऱ्या लाँड्रीत इस्त्री करते. परवा एक पायजमा आला, धुऊनही ठिपका राहिलेला. परत धुवायला टाकायचा असतो. मी तो टेबलावर पालथा पसरला. ठिपका शिवणीजवळ होता. मग कंबरेला धरून पायजमा जरा फिरवला, तर ठिपका बाहेरच्या बाजूला गेला. अजून फिरवला, खाली आला. ओढला, वर चढला. मी नेईन तिकडे तो जात होता.

आत माणूसच नव्हता.